बासष्ट किलो कांदे आणि डावा इंडिकेटर

आमच्या घरात एखादी वस्तू बिघडली की ती आधी माझ्याकडे येते. मिक्सर, इस्त्री, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, बायकोचा मोबाइल, सगळं. त्यातलं बरंचसं नंतर दुरुस्तही होतं. कुठे होतं ते विचारू नका. मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे आणि आमची एक शिस्त आहे: आधी बिघाड समजून घ्यायचा, मग हात लावायचा. बाकीचं जग उलटं करतं. म्हणून आमच्या गाडीचा डावा इंडिकेटर वेड्यासारखा वागायला लागला, तेव्हा मी सायलीला, म्हणजे बायकोला, ठणकावून सांगितलं, "रविवारचे दोन तास. विषय संपला!"

ही त्या दोन तासांची गोष्ट आहे. ते तीन आठवडे चालले.

पेठ रोडवर शहर संपता संपता आमचा मळा आहे. पाऊण एकर झेंडू, थोडी शेवंती, उरलेल्या तुकड्यात मेथी-कोथिंबीर आणि कांदा. नाना, म्हणजे माझे वडील, पंचवीस वर्षं रोज फुलं घेऊन पंचवटीत जायचे. मागच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. समोरून येणारी एक बस त्यांना दोन दिसायला लागली आणि ते दोन्ही बसना प्रामाणिकपणे वाट द्यायला लागले. तेव्हापासून गाडी माझ्या हातात आली. अडचण एवढीच की फुलांचा बाजार पाचला भरतो आणि माझी पहाट सातला होते. आम्ही पोचायचो तेव्हा चांगली गिऱ्हाइकं माल घेऊन निघून गेलेली असायची आणि आई मागे उरलेल्यांसमोर टोपली मांडून बसायची. मला काही बोलायची नाही. नुसती फुलांवर पाणी शिंपडायची, जरा जास्त जोरात.

एक दिवस भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मीच शिकते गाडी."

आई सत्तावन्न वर्षांची आहे. नाव कुसाबाई. नाना म्हणाले, "शिक. पन मला शेजारी बसवू नको."

ती खरोखर शिकली. क्लास लावला, शिकाऊ लायसन काढलं, आणि पक्क्या लायसनच्या परीक्षेची तारीख मिळाली, एका सोमवारची. क्लासवाले म्हणाले, परीक्षेला आमचीच गाडी घ्या. आई ऐकेना. "त्या गाडीला दोन ब्रेक हायेत. एक मास्तरच्या पायाशी. मी पास झाले तर भावकी म्हनंल, मास्तरनं चालवली, कुसाबाई नुसती बसली व्हती. मी आपल्याच गाडीवर परीक्षा देनार."

म्हणजे आमची गाडी ठणठणीत असणं भाग होतं. आणि नेमकी तेव्हाच गाडीने तब्येत बिघडवून घेतली.

पहिल्यांदा झालं ते पेठ नाक्याला. मी गाडी चालवत होतो, आई माझ्या डाव्या हाताला बसून हार ओवत होती. आमची दोन-तीन ठरलेली गिऱ्हाइकं आहेत, त्यांचे हार आई वाटेतच पुरे करते. तिची सुई वीतभर लांब, तिच्या सासूने दिलेली, चाळीस वर्षं वापरून चांदीसारखी झालेली. ती सुई म्हणजे आईचं पेन. जिथे आई तिथे सुई. घरी, मळ्यात, बाजारात. ती जमिनीवर कधी ठेवायची नाही आणि कुणाच्या हातात द्यायची नाही, भांडण होतं. हार झाला की उभी टोचून ठेवायची. पूर्वी ती गाडीच्या सीटमध्ये टोचायची. पण आम्ही नुकतीच नवी सीट कव्हरं घातली होती आणि मी तिला बजावलं होतं, "आई, ह्या सीटला सुई लावायची नाही हं."

तर पेठ नाक्याच्या सिग्नलला मी ब्रेक दाबला आणि समोर डाव्या इंडिकेटरचा हिरवा बाण पेटला. मी इंडिकेटरच्या दांडीला हातही लावला नव्हता. ब्रेक सोडला, बाण विझला. पुन्हा दाबला, पुन्हा पेटला. एक रिक्षावाला बाजूला येऊन वाकून म्हणाला, "दादा, तुम्ही थांबताय का वळताय, एकदा घरी इचारून या."

पुढे मी खरोखर डावा इंडिकेटर दिला, तर तोच रिक्षावाला मागून ओरडला, "आता ब्रेकचे लाल दिवे फुगडी घालतेत!"

आला रविवार. मी चारही कोपऱ्यांतले बल्ब काढले, पुसले, होल्डर पॉलिश पेपरने घासले, इंडिकेटरचा रिले नवीन आणून बसवला. बॉनेटखाली ज्या ज्या वायरचा मला संशय आला तिला चिकटपट्टी गुंडाळली. मागे कुणीतरी बघायला हवं म्हणून नानांना खाटेवर बसवलं.

"नाना, ब्रेक दाबतो. डावा इंडिकेटर पेटतो का?"

"दोन्ही डावे बंद हायेत," नाना म्हणाले.

नानांच्या डोळ्यांच्या हिशेबाने दोन म्हणजे एक, तेव्हा निकाल उत्तम होता. दहा वेळा दाबला, दहाही वेळा बरोबर. मी हात धुतले, चहा मागितला आणि सायलीला माझी शिस्त पुन्हा एकदा समजावून सांगितली.

सोमवारी पेठ नाक्याला हिरवा बाण पेटला.

मग शनिवारी कारखान्यातून सुटल्यावर मी गाडी भिकनकडे नेली. भिकन मूळचा सटाण्याकडचा, बोलतो अहिराणीत, पंचवटीत गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. त्याने ब्रेक दाबला, इंडिकेटर दिला, गाडीखाली गेला, वर आला.

"गाडीले काहीच व्हयेल नई, भाऊ. घर जाय." मग बॉनेट उघडून त्याने माझ्या चिकटपट्ट्या पाहिल्या. "हाई कोनी करेल शे?"

"आधीचा मेकॅनिक," मी म्हणालो.

"त्याले मना नमस्कार सांग," भिकन म्हणाला आणि बॉनेट लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पेठ नाक्याला पुन्हा बाण. डॉक्टरसमोर शहाण्यासारखं बसणारं आणि घरी आल्याबरोबर भोकाड पसरणारं पोर असतं ना, तशी ती गाडी वागत होती.

आता मात्र मी कारखान्याची पद्धत बाहेर काढली. वही केली. तारीख, ठिकाण, हवा, गाडीत कोण. दहा दिवस इमाने इतबारे नोंदी केल्या. एकटा कारखान्यात गेलो, बिघाड नाही. सायलीला माहेरी कॉलेज रोडला सोडलं, बिघाड नाही. आईला घेऊन बाजारात गेलो, बिघाड. तोही घरून निघाल्याबरोबर नाही, पेठ नाका आला की. येताना मात्र बाजारापासून मळ्यापर्यंत सगळीकडे. आई स्वतः चालवायला बसली तरी बिघाड. वही मिटण्याआधी मी बिघाडांखाली लाल रेघा ओढल्या. सातच्या सात नोंदींत आई होती.

"वजन," मी सायलीला म्हणालो. "आई बसली की गाडी कुठेतरी दबते आणि वायरवर वायर घासते."

"तुम्ही बसता तेव्हा नाही दबत?" सायलीने माझ्या पोटाकडे बघत विचारलं. मी शास्त्रीय विषयावर वाद घालत नाही.

आमच्याकडे फुलं तोलायचा मोठा काटा आहे. त्यावर आईला उभं केलं. तिला वाटलं, डॉक्टरने सांगितलंय, म्हणून बिचारी चपला काढून उभी राहिली. बासष्ट किलो भरली. मग मी कांद्याच्या चाळीतून कांदे काढले, बासष्ट किलो बरोबर मोजून दोन गोण्या भरल्या, डावीकडच्या सीटवर एकावर एक बसवल्या आणि सीटबेल्ट लावला. नाहीतर ती गाडी सारखी किंचाळते.

पेठ नाक्यापर्यंत गेलो आणि आलो. सिग्नलला तोच रिक्षावाला भेटला. त्याने गोण्यांकडे पाहिलं, सीटबेल्टकडे पाहिलं. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

बिघाड मात्र झाला नाही. एकदाही नाही. जाताना दाबलेला ब्रेक निर्मळ, येतानाचा निर्मळ.

सायलीने तोवर बेल्ट लावलेल्या कांद्यांचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. आईने तो पाहिला आणि पदर तोंडाला लावून खूप हसली. "माझ्या जागी गोनी बसवली व्हय रे?" म्हणाली. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण मला निष्कर्ष काढायची खोड आहे. रात्री सगळे जेवायला बसलो तेव्हा मी वही घेऊनच बसलो.

"सिद्ध झालं," मी म्हणालो. "वजनाचा संबंध नाही. बासष्ट किलो कांदे बसले, काही झालं नाही. बासष्ट किलोची आई बसली की होतं. म्हणजे कारण फक्त एकच उरतं." सायली डोळे वटारत होती. मी पाहिलं नाही. "कारण आई आहे."

आईने हातातला घास ताटात ठेवला.

"म्हंजे माझा पायगुन."

"तसं नाही गं आई. पायगुण नाही, डेटा आहे."

"नाव शहरातलं ठेवलं म्हून काय झालं," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "ऱ्हाऊ दे मग. परवा सोमवारी मी जात नाय परीक्षेला. उगा त्या सायबापुढं गाडीचं काय तरी व्हायचं आन् लोकं हसायची. तूच नेत जा फुलं. सातला ने, आठला ने."

आणि उठून गेली. ताटात अर्धी भाकरी तशीच होती.

नानांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "शेखर, तुझी आई लग्न होऊन आली ना, त्याच्या आठव्या दिवशी हिरीवरली मोटार जळाली. सगळी भावकी बोलली, नव्या सुनंचा पायगुन. ही कोपऱ्यात बसून ऱ्हायली. मग कळलं, उंदरानं वायर कुरतडली व्हती. त्या दिवशी माझ्या आईनं तिला जवळ बोलावून ती सुई दिली. म्हनली, लोकांचं ऐकू नको, तू हार वव." नानांनी हात धुतले. "चाळीस वरसं झाली. परत कोनी तो शब्द काढला नव्हता. तू काढला, वही लिहून."

मला फार वाईट वाटलं. नुसतं वाईट नाही, लाज वाटली. माझी आई सत्तावन्नाव्या वर्षी क्लच सोडायला शिकली, केवळ मी वेळेवर उठत नाही म्हणून. आणि मी तिला कांद्यांशी तोलून दोषी ठरवलं होतं.

रविवारी सकाळी मी आईसमोर जाऊन उभा राहिलो. "आई, चुकलो. एकदाच गाडीत बस. तू कारण नाहीस, दुसरं काहीतरी आहे, आणि मी ते आज शोधणार. तू रोज करतेस तेच कर. काही म्हणजे काही बदलू नकोस."

तिने टोपलीकडे बोट केलं. "उद्यासाठी झेंडू तोडलेला व्हता," म्हणाली. "गाडीला घालावा म्हून. आता वाळूनच जायचा तो." मग टोपली उचलली आणि येऊन बसली.

नानांना ड्रायव्हरच्या जागी बसवलं. गाडी बंद, चाकांना दगड. "नाना, ब्रेकवर पाय ठेवा आणि मी सांगेपर्यंत काढू नका." मी डावीकडचं दार उघडलं, जमिनीवर आडवा झालो आणि डोकं आईच्या पायांशी, डॅशबोर्डखाली घातलं. तिथून काळ्या पट्टीत गुंडाळलेला वायरींचा जाड जुडगा मागे जातो. इंडिकेटरच्या वायरीला टेस्टरचा दिवा लावला. दिवा बंद. म्हणजे सगळं ठीक.

आई हार ओवत होती. वर झेंडूचा वास, खाली पायपुसण्याचा. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. माझी मान गेली. डोळ्यांत फुलांच्या पाकळ्या पडत होत्या. दिवा बंद तो बंद.

मग आईने दोऱ्याची गाठ मारली, दोरा दाताने तोडला, हार टोपलीत ठेवला आणि नेहमीच्या सवयीने खाली वाकली. वीतभर लांब सुई वरून सरळ माझ्या दिशेने येताना दिसली. माझ्या कानापासून दोन बोटांवर ती त्या काळ्या जुडग्यात घुसली, लोण्यात घुसावी तशी.

टेस्टरचा दिवा लख्ख पेटला.

मी ओरडलो. कानासाठी ओरडलो की दिव्यासाठी, ते मलाही सांगता येणार नाही. "नाना, ब्रेकवर पाय आहे?"

"तू सांगितल्यापास्नं हाय. बधीर झालाय."

"आई, सुई काढ." दिवा विझला. "आता पुन्हा टोच." दिवा पेटला. त्या जुडग्यात ब्रेकची वायर आणि डाव्या इंडिकेटरची वायर शेजारी शेजारी होत्या, आणि आईची सुई रोज दोघींना ओवत होती. पेठ नाक्यापर्यंत हार पुरे व्हायचे, सुई आत जायची. बाजारात पोचलो की आईबरोबर बाहेर यायची. परत निघताना पुन्हा आत. आई स्वतः चालवायची तेव्हाही बसण्याआधी सुई तिथेच टोचायची. भिकनकडे मी एकटाच गेलो होतो. कांद्यांकडे सुई नव्हती.

"आई, तू इथे सुई टोचतेस?"

"मग कुठं टोचू?" आई म्हणाली. "सीटला लावायची नाय, हे तूच सांगितलं. जमिनीवर ठेवायची नसती. हे मऊ मऊ दिसलं, उशीवानी."

 

नानांनी पाय चोळत चोळत गाडीतून उतरताना आईला एवढंच म्हटलं, "तवा उंदीर व्हता. आता सुई हाय. तुझ्या पायाला कोनी बोल लावत नाय."

आई हसली नाही. डोळे पुसले, आणि मग तोच पदर माझ्या केसांतल्या पाकळ्या झटकायला वापरला. "उठ," म्हणाली. "मान अवघडली आसंल. तेल लावते."

भिकन रविवारी दुपारपर्यंत असतो. मी, आई आणि सायली तिथे गेलो. त्याने जुडगा सोडवला, टोचलेल्या वायरी काढून नव्या तुकड्यांनी जोडल्या, नीट गुंडाळल्या. मग बोटाने दाखवत म्हणाला, "आठलं झाकन कोठे शे? ह्या वायरी अश्या उघड्या ऱ्हातस नई. कंपनीनं प्लास्टिकचं झाकन ऱ्हास."

मी आकाशाकडे बघायला लागलो.

"माळ्यावर आहे," सायली म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी स्पीकर बसवताना काढलं होतं. 'नंतर लावू' म्हणून."

"कोनी काढं?"

"तोच," सायली गोड हसत म्हणाली. "आधीचा मेकॅनिक."

भिकनने दोन्ही हात जोडले. या वेळी थेट मलाच.

सोमवारी आईने ठेवणीतलं लुगडं नेसून, पायात नानांचे कॅन्व्हासचे बूट घालून परीक्षा दिली. बॉनेटवर झेंडूचा हार होता. मी कुंपणाबाहेर उभा राहून देवाचं नाव घेत होतो आणि नाना शेजारी उभे राहून दोन गाड्या बघत होते. आईने गाडी वळवली, मागे घेतली, चढावर उभी करून पुन्हा काढली. प्रत्येक वळणाच्या किती तरी आधी इंडिकेटर. डावा दिला की डावाच, आणि लाल दिवे जागच्या जागी.

"मावशी, इंडिकेटर फार वेळेवर देता," साहेब म्हणाले.

"तीन आठवडे घरात त्योच इषय व्हता," आई म्हणाली.

पास झाली! मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की पुढच्या मुलाची गाडी बंद पडली.

आता आम्ही पाचच्या आत बाजारात असतो. आई चालवते आणि मी डावीकडे बसतो, कारण वाटेतले हार कुणीतरी पुरे करायला हवेत. मला बऱ्यापैकी जमतात. आई म्हणते, माझे हार माझ्या चिकटपट्टीसारखे असतात. पण पेठ नाका आला की माझी पंचाईत होते. हार झालेला असतो आणि ती सुई माझ्या हातात उरते. सीटला टोचायची नाही, हा माझाच नियम. जमिनीवर ठेवायची नाही. चालवणाऱ्या आईच्या हातात द्यायची नाही. जुडग्यावर आता कंपनीचं झाकण बसलंय. मी पंचवटीपर्यंत ती सुई मेणबत्तीसारखी उभी धरून बसतो. परवा एका खड्ड्याने जवळपास माझं नाक ओवलं.

म्हणून परवा गाडीतून उतरताना मी एक जागा शोधली. दार आणि गाडी यांच्या मधोमध एक काळी रबरी नळी असते. जाड, मऊ. पेठ नाक्याच्या सिग्नलला दार किलकिलं केलं आणि सुई अलगद आत गेली. दोन दिवस फार सुखात गेले.

आज सकाळी आई म्हणाली, "शेखर, तुझ्या बाजूची काच खाली व्हईना का रे?"

"बघतो, आई," मी म्हणालो. "रविवारी दोन तास दे मला."

पुढच्या वळणाला आईने शांतपणे डावा इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, गाडी वळवली. मग म्हणाली, "घरी गेल्यावर जरा काट्यावर उभा ऱ्हा."